नऊ सुरकुतलेले दाणे

१

भांडं उपडं केलं तेव्हाच न्यो अदेरितुंना कळलं, की काहीतरी भलतंच झालंय. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर लाल रंग जास्त दिसत होता.

"मोजा," ते म्हणाले.

मोजलं. मक्याचे दाणे त्रेपन्न, लाल घेवड्याचे एकोणसाठ. टाउस्ट्रात या गल्लीतली घरं एकशे बारा. बेरीज बरोबर होती.

"परत मोजा."

"तीनदा मोजलं, न्यो अदेरितु," निल्दा म्हणाली. "उत्तर बदलत नाही."

चर्चच्या मागच्या सभागृहात सगळी गल्ली जमली होती. रविवारची मिस्सा आटोपून लोक थेट इकडेच आले होते. मका म्हणजे ही जुनी घरं एकेक करून दुरुस्त करायची आणि सगळ्यांनी इथेच राहायचं. घेवडा म्हणजे सगळी रांग पाडायची. नवीन इमारत होईपर्यंत, म्हणजे पाचेक वर्षं, रॉटरडॅमच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहायचं, आणि मग वाढलेलं भाडं परवडलं तर परत यायचं. परत किती जण येतील ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे बाप, आजोबा केप व्हर्दच्या बेटांवरून जहाजांवर काम करत या बंदरात उतरले, ते याच गल्लीत राहिले; वडीलधाऱ्यांच्या नावाआधी 'न्यो' आणि 'न्या' लावायची बेटांवरची रीतही टिकली. गल्ली मोडली की काय उरतं, हे दुसऱ्या गल्ल्यांत बघून झालं होतं.

घरांची मालकी गृहसंस्थेची. संस्थेनं एकदाच मोठं मन केलं: तुमच्या वस्तीचं पुढे काय करायचं, ते तुम्हीच आखा, बहुमत मान्य करू. त्यावर दोन वर्षं सभा झाल्या, नकाशे झाले, पोराबाळांनी झाडं कुठे हवीत ते रंगवलं. शेवटी मत घ्यायचं ठरलं, आणि तेही काचूपा या बेटांवरच्या मका-घेवड्याच्या कालवणाच्या जिनसांनी, म्हणजे वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कुणाला विचारायला नको. प्रत्येक घराला एकाच पाकिटातला एक मका आणि एक घेवडा दिला. कापडाखाली हात घालून एक भांड्यात टाकायचा, दुसरा घरी न्यायचा.

"लाल टाकणारे इथेच बसलेत," मागून कुणीतरी म्हणालं. "आणि आता काचूपाही चापणार आहेत."

कुणीही मान वळवली नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

तेवढ्यात जासिरा मोठं पातेलं घेऊन आली. विजयाच्या जेवणासाठी न्या दिनांनी पहाटेपासून रांधलेला काचूपा होता. तो मुकाट्यानं वाढला गेला, मुकाट्यानं खाल्ला गेला. फक्त न्यो अदेरितु मधेच गालावर हात ठेवून कळवळले आणि तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"न्या दिनांचं उखळ म्हातारं झालं वाटतं," त्यांच्या शेजारचा म्हणाला. "मलाही एक लागला. दगड नुसता."

"तोंड सांभाळ," न्यो अदेरितु म्हणाले. "त्या बाईच्या हातचा दगडही गोड मानून खा."

निल्दा जेवली नव्हती. ती टेबलापाशीच उभी होती. ती बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. दाण्यांवरून नजर फिरवायची आणि वेगळा दिसेल तो बाजूला काढायचा, हेच तिचं रोजचं काम. तिची बोटं आपोआप चालत होती. काही दाणे तिनं कापडाच्या कोपऱ्यात सरकवले, खाली वाकून पाहिले, आणि न्यो अदेरितुंना हळूच खूण केली.

"हे नऊ," ती म्हणाली. "हे आपण वाटलेले नाहीत."

२

सभागृहाच्या स्वयंपाकघरात तिनं दार लावून घेतलं आणि दोन दाणे बशीत शेजारी शेजारी ठेवले. एक तुकतुकीत होता. दुसऱ्याची साल सुरकुतलेली होती, एका बाजूला बारीक चीर.

"भिजवून परत वाळवलेला दाणा असा होतो," ती म्हणाली. "पाण्यात साल ताणते. वाळताना आतला दाणा आकसतो, पण साल पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. पाकिटातला एकही दाणा असा नव्हता. वाटायच्या आधी मी सगळे पाहिले होते."

"म्हणजे नऊ मके काढून नऊ घेवडे घातले!" न्यो अदेरितुंचा चेहरा उजळला. ते चाळीस वर्षं गोदीत युनियनचे पुढारी होते, आणि भांडायला काही मिळालं की त्यांचं वय कमी व्हायचं. "मग खरं बहुमत आपलंच. बासष्ट आणि पन्नास. आत्ता जाऊन सांगतो."

"काय सांगाल? चोर कोण?"

"ते नंतर बघू."

"नंतर नाही. चोराचं नाव नसेल तर संस्था म्हणेल, हरलात म्हणून सुरकुत्या दाखवताय. आणि गल्लीत प्रत्येक जण प्रत्येकाकडे बघेल. आत्ताच बघतायत." तिनं बशीतला सुरकुतलेला दाणा बोटानं फिरवला. "आणि न्यो अदेरितु, पन्नास तरीही पन्नास आहेत. आपल्याला वाटत होतं, दहाबारा असतील."

ते खुर्चीवर बसले. "पोरी, दोन वर्षं मी दारोदार जाऊन सांगितलं, की आपण सगळे एक आहोत. मंगळवारी सकाळी संस्थेची बैठक आहे. त्याआधी उलगडलं नाही तर ही गल्ली माझ्या शब्दावर विसंबून बुडाली असं होईल. कसं तोंड दाखवू?"

"भांडं रात्रभर कुठे होतं?"

"न्या दिनांकडे. आणखी कुठे ठेवणार? दुःखाच्या घरात कुणी खोटं वागत नाही."

ते खरं होतं. न्या दिनांचे यजमान न्यो तेओफिलु गेले तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. काळी वस्त्रं, काळा रुमाल, फोटोसमोर मेणबत्ती. बेटांवर बाया वर्षभर असं दुःख पाळतात. इथे एवढं कुणी पाळत नाही. न्या दिनांनी पाळलं. गेल्या महिन्यात वर्ष पुरं झालं तेव्हा, मी अजून एक वर्ष पाळणार, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. वर्षाची मिस्सा करायला पाद्री जिना चढून वर गेले. गल्लीला त्यांचा अभिमान होता. वस्तीच्या आराखड्याच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो होता: तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काळा रुमाल, आणि खाली ठळक अक्षरांत 'आम्ही राहणार'.

"शनिवारी मतं टाकून झाल्यावर संध्याकाळी आम्ही चौघांनी भांडं वर नेलं," न्यो अदेरितु म्हणाले. "तोंडाला फडकं बांधलं, फोटोसमोरच्या मेणबत्तीचं मेण गाठीवर ओतलं. सकाळी गाठ तशीच होती."

"मेणबत्ती त्याच खोलीत जळतेय. कुणालाही पुन्हा ओतता येईल. तुमच्यानंतर कोण आलं होतं?"

"मोजून झाल्याबरोबर फोनवर विचारलं मी त्यांना. तिघं. त्या आत मक्याचं बघत होत्या, आणि तिघंही थोडा वेळ भांड्यापाशी एकटे होते." त्यांनी बोटं दुमडली. "खालची जासिरा. दुकानवाला सिल्विनु. आणि संस्थेची ती फेमके."

"न्या दिनांचं मत कुणी घेतलं?"

"घ्यायचं काय त्यात? दुःखातल्या बाईला असल्या भानगडीत ओढायचं? पहिला दाणा त्यांच्या नावानं मीच टाकला. मक्याचा. तू होतीस की. टाळ्या वाजवल्यास."

३

सिल्विनुनं तिला येताना पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

"आले पोलीस. झडती घ्या, बाईसाहेब. बटाट्याखाली काही नाही."

ते दोघं एका बाकावर बसून शिकलेले. निल्दानं छत्री दाराला टेकवली. दुकानाच्या काचेवर 'आम्ही राहणार' हा कागद चिकटवला होता, आणि त्याच्या वर छतातून पाणी ठिबकत होतं. खाली बादली होती.

"शनिवारी वर कशाला गेला होतास?"

"कांदे द्यायला. न्या दिनांनी मागवले होते. पाच मिनिटं बसलो, न्यो तेओफिलुंच्या फोटोला हात जोडले, उतरलो. तो जिना आहे का शिडी? माझे गुडघे अजून बोलतायत."

"भांड्याला हात लावलास?"

"नाही."

तो फार पटकन बोलला. सिल्विनुनं बादली उचलली, मोरीत ओतली, परत जागेवर ठेवली, आणि तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "माझा एक होता."

"काय?"

"लाल. माझा स्वतःचा. एकच. सभागृहात टाकलेला, सगळ्यांसमोर, कापडाखाली." त्यानं काचेवरच्या कागदाकडे पाहिलं. "छत गळतंय, भिंतीत उंदीर आहेत, आणि नव्या इमारतीत त्यांनी मला कोपऱ्यावरचं मोठं दुकान देऊ केलंय. न्यो अदेरितु दर सभेत माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, हा आपला सिल्विनु. काय सांगणार होतो त्यांना? रात्री झोप नाही निल्दा. बायकोलाही बोललो नाहीये."

"तुझं मत तुझं आहे."

"असं तू म्हणतेस. बाहेर कुणी म्हणेल?"

ती घेवड्याच्या पोत्यापाशी गेली, मूठभर दाणे घेतले आणि तळहातावर पसरले. सगळे तुकतुकीत, कडक. पोतं तिच्या कमरेएवढं होतं.

"घे हवे तितके," सिल्विनु म्हणाला. "शुक्रवारी न्या दिनांना किलोभर यातलेच पाठवले. जासिरा घेऊन गेली."

निल्दानं दाणे परत पोत्यात सोडले.

"चोरी तू केलेली नाहीस," ती म्हणाली.

"माझ्या शब्दावर विश्वास?"

"तुझ्या पोत्यावर."

४

फेमकेचं ऑफिस गल्लीच्या टोकालाच होतं. सोमवारी सकाळी ती सायकलला कुलूप लावत होती तेव्हाच निल्दानं तिला गाठलं.

"मला कळलं," फेमके म्हणाली. "घेवडा जिंकला. संस्थेतले वरिष्ठ खूश आहेत. मी नाही, तुम्हाला पटणार नाही पण."

"शनिवारी तुम्ही न्या दिनांकडे गेला होतात."

तिचे कान लाल झाले. आतून तिनं दोन कप कॉफी आणली, एक निल्दासमोर ठेवली आणि स्वतःची ढवळत बसली. तिनं साखर घातलेलीच नव्हती.

"वर्षाच्या मिस्सेला यायचं राहून गेलं होतं. म्हणून केक घेऊन गेले. एकटीच बसून असते हो ती. बोलता बोलता तिनं विचारलं, नवीन घरं दिसतील कशी? माझ्या फोनमध्ये चित्रं होती. दाखवली."

"ती दाखवायला मनाई होती?"

"मत मोजून होईपर्यंत कुणालाही नाही दाखवायची. एका बाजूला ओढल्यासारखं होतं. माझी सहीच आहे तशी." तिनं मान खाली घातली. "पण ती तर तुमच्या आराखड्याचा चेहरा. तिचं मत कशानं बदलणार, असं वाटलं."

"त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. लिफ्टचं चित्र बराच वेळ धरून बसली. मग विचारलं, दार किती रुंद असतं? मला वाटलं, कपाट जाईल की नाही याची काळजी. तुमच्याकडे ती मोठी लाकडी कपाटं असतात ना."

"आणि मग?"

"मग मी निघाले. जिन्यात मागे वळून पाहिलं तर ती दारात उभी होती, चौकट धरून. मी हात हलवला. तिनं नाही हलवला." फेमकेनं कप बाजूला सारला. "मी चुकले ना? वरिष्ठांना सांगायला हवं का?"

"आज नको," निल्दा म्हणाली. "सिल्विनु आणि जासिरा तुमच्या आधी आले होते की नंतर?"

"सिल्विनु येऊन गेला, असं न्या दिना म्हणाली. जासिरा मला जिन्यात भेटली. मी चढत होते, ती उतरत होती."

म्हणजे तिघांमध्ये फेमके शेवटची.

५

जासिरा दुसऱ्या मजल्यावर राहायची, न्या दिनांच्या बरोबर खाली. तिनं दार उघडलं ते बाळ कडेवर घेऊनच, आणि निल्दाला पाहताच तिचे डोळे भरून आले.

"मला माहीत होतं तू येणार. मीच ना? सगळे म्हणत असतील."

"कुणी काही म्हटलेलं नाही. बस आधी."

"सगळे म्हणतात, जासिरा न्या दिनांचं सगळं बघते. मिस्सेत पाद्रींनी माझं नाव घेतलं. निल्दा, आधीच्या आठवड्यात मी चार दिवस वर गेलेच नाही. बाळाला ताप होता, नवरा बोटीवर. पाचव्या दिवशी गेले तर त्या कोरडा पाव पाण्यात बुडवून खात होत्या. म्हणाल्या, मला हेच आवडतं. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"शनिवारी कशाला गेली होतीस?"

"दूध द्यायला. आणि मूठभर घेवडा मागायला, माझा संपला होता. म्हणाल्या, पोरी, कोरडा एक दाणा नाही घरात, दुपारीच सगळा किलो पाण्यात टाकलाय, उद्या सगळ्या गल्लीला जेवायचंय." तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग मी खाली सिल्विनुकडून आणला. दोन मिनिटांचं तर काम."

निल्दानं मान डोलावली, पण तिचं लक्ष छताकडे होतं. वर काहीतरी फरशीवरून घासत सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं.

"हे काय?"

"खुर्ची. त्या पुढे ढकलत चालतात, स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत. पुन्हा मागे. दुःखाचं माणूस, नीट जेवत नाही, अंगात ताकद कुठून येणार?"

"हे कधीपासून?"

"असेल... न्यो तेओफिलु होते तेव्हापासूनच. तेव्हा ते धरायचे त्यांना."

"आणि खाली शेवटच्या कधी उतरल्या?"

"वर्ष होऊन गेलं. दुःख आहे ना."

"दुःख नसतं," निल्दानं विचारलं, "तर उतरू शकल्या असत्या?"

वर खुर्ची सरकत होती. जासिरानं छताकडे पाहिलं आणि बाळाला छातीशी घट्ट धरलं.

६

"ये," न्या दिना म्हणाल्या. "दार उघडंच असतं."

त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. समोर लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर दोन्ही हात. निल्दानं वाकून त्यांचा आशीर्वाद मागितला, त्यांनी दिला. मग ती त्यांच्यासमोर बसली.

"न्या दिना, ज्यानं दाणे बदलले त्याच्याकडे कोरडा घेवडा नव्हता."

"हं."

"सिल्विनुकडे पोतं आहे. जासिराला हवा होता तर ती खाली जाऊन घेऊन आली. फेमके कुठल्याही दुकानात थांबली असती. शिवाय तुमचं सोडून गल्लीतल्या प्रत्येक घरात मतातून उरलेला एक दाणा होता. कोरडा, त्याच पाकिटातला. आधीपासून ठरवून आलेल्या माणसानं ते दाणे आणले असते, आणि मला कधीच काही कळलं नसतं. भिजलेला घेवडा काढून वाळवायची वेळ एकाच माणसावर येते. ज्याच्या मनात ते अचानक आलं, ज्याच्या घरात सगळा घेवडा पाण्यात होता, आणि जो दुसरा आणायला खाली उतरू शकत नव्हता."

"दुःखातली बाई उतरत नाही."

"वर्ष गेल्या महिन्यात संपलं. तुम्ही ते वाढवलंत." निल्दाचा आवाज खाली आला. "कारण ते संपलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, आता का येत नाही खाली?"

म्हातारीनं खिडकीबाहेर पाहिलं.

"काल न्यो अदेरितुंच्या दाताखाली मका आला," निल्दा म्हणाली. "काचूपातला मका तुम्ही कांडून, साल काढून घालता. इतकी वर्षं कधी खडा लागला नाही. ते मतांचे मके होते, सालीसकट, न भिजवलेले. केराच्या डब्यात टाकले असते तर कुणाला कळलं असतं?"

"मका? केरात?" न्या दिनांनी पहिल्यांदाच तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू पोटभर जेवून वाढलेली आहेस. मी सहा वर्षांची असताना आमच्या बेटावर पाऊस झाला नाही. दोन वर्षं. माझ्या आईनं गाढवाच्या लेंड्या फोडून त्यातले मके वेचले, धुतले आणि आम्हाला शिजवून घातले. धाकटे दोघं तरीही गेले. मी मका केरात टाकू?"

"नाही," निल्दा म्हणाली. "म्हणून तर कळलं."

रेडिएटरवर एक फडकं वाळत घातलं होतं. त्यावर लालसर डाग होते. न्या दिनांनी ते लपवायचा प्रयत्न केला नाही.

"पहिला माझा होता," त्या म्हणाल्या. "अदेरितु इथे येऊन सांगून गेला, तुमच्या नावचा मका सगळ्यात आधी टाकला, केवढ्या टाळ्या पडल्या. मला कुणी विचारलं होतं? ती फेमके गेली, आणि मी गाठ सोडली. एक मका काढला, एक घेवडा रेडिएटरवर वाळवून टाकला. म्हटलं, झालं, आता माझं मत माझं झालं. मग इथे बसले. खाली सगळी गल्ली, आणि माझा एक दाणा. त्यानं काय होणार? मग पुन्हा उठले. पहाटेपर्यंत जेवढे वाळले तेवढे घातले. किती होते?"

"नऊ."

"म्हणजे आठ चोरीचे. त्या पहिल्याची माफी मी मागणार नाही. आठांची मागेन." त्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली. "तुम्ही सगळे माझा फोटो घेऊन लढत होतात. इतकी चांगली माणसं. त्यांना कसं सांगायचं, की मला इथे वर राहायचं नाही? तेओफिलुला नेलं ना, त्या दिवशीही मी खाली नाही गेले. दफनाला. सगळे म्हणाले, दुःखानं कोसळली. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते, निल्दा. पाय उतरेनात. शवपेटी वळणावर दिसेनाशी झाली."

दफनाच्या दिवशी तीही त्या जिन्यात होती, हातात फुलं घेऊन.

"मी तुमचं नाव सांगायला हवं असं नाही," ती शेवटी म्हणाली. "भांड्यात गडबड झाली, मत पुन्हा घेऊ, एवढंच सांगते. फेमके संस्थेला आठवडाभर थांबायला लावेल, तिचीही चूक आहे."

"आणि सगळे आयुष्यभर सिल्विनुकडे संशयानं बघतील? त्या जासिराकडे?" न्या दिनांनी मान हलवली. "मीच सांगेन. फक्त त्यांना वर यायला सांग. मला खाली येता येत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

७

संध्याकाळी गल्ली वर आली. सगळे खोलीत मावेनात, म्हणून माणसं जिन्यातच बसली. न्या दिनांच्या उंबऱ्यापासून रस्त्याच्या दारापर्यंत, एकेका पायरीवर एक माणूस, कारण दोन मावत नव्हते. न्यो अदेरितु सगळ्यात वर होते. चढताना त्यांना दोन वेळा थांबावं लागलं होतं. त्यांना अजून धाप लागलेली होती आणि ते मागे वळून खाली पुन्हापुन्हा पाहत होते.

न्या दिना दारात खुर्ची धरून उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. आवाज बारीक होता. वरचा माणूस खालच्याला सांगायचा, तो त्याच्या खालच्याला. 'माझ्या नावानं टाकला' हे शब्द जिना उतरत गेले, मग 'आठ चोरले', मग 'दफनाला येता आलं नाही'. प्रत्येक वाक्य खाली पोचेपर्यंत त्या थांबायच्या. मधे कुठेतरी एक बाई रडायला लागली आणि तिनं पुढचं वाक्य तसंच, रडत रडत, खाली दिलं.

सगळ्यांना वाटलं होतं, न्यो अदेरितु भडकतील. ते पायरीवर बसून राहिले.

"वीस वेळा आलो असेन मी इथे," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी तुमच्या हातची कॉफी प्यालो. प्रत्येक वेळी सांगून गेलो, की न्या दिना, आम्ही तुमच्यासाठी लढतोय."

"छान कॉफी होती," न्या दिना म्हणाल्या. "दूध मात्र नसायचं कधीकधी."

जासिरानं तोंड लपवलं. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

मत पुन्हा घ्यायचं ठरलं. भांडं सभागृहात ठेवायचं नाही, दारोदार न्यायचं, वरच्या मजल्यांपासून सुरुवात करून. मग एकेक आवाज येऊ लागले. सोळा नंबरच्या वरच्या मजल्यावरचे न्यो बेल्मिरु पण किती दिवसांत दिसले नाहीत. आणि ती जुळ्यांची आजी? आपण म्हणायचो, तिला माणसं आवडत नाहीत. मधल्या पायरीवरून सिल्विनु उभा राहिला आणि म्हणाला, की पहिल्या वेळी त्यानं लाल टाकला होता, आणि पुन्हाही कदाचित तोच टाकेल. त्याच्याकडे कुणी रागानं पाहिलं नाही. त्याच्या दोन पायऱ्या खाली आणखी एकानं हात वर केला. मग एकीनं.

"न्या दिना," न्यो अदेरितुंनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

एवढ्या सभांमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"लिफ्ट नको. लिफ्टला थांबायला पाच वर्षं माझ्याकडे नाहीत," त्या म्हणाल्या. "तळमजला. याच गल्लीत. दार उघडलं की रस्ता."

हे वाक्यही पायरीपायरीनं खाली गेलं. मक्यात ते नव्हतं, घेवड्यातही नव्हतं. जिन्याच्या तळाशी, अर्ध्या उघड्या दारात उभी असलेली फेमके म्हणाली, की दोन्ही भाडेकरू राजी असतील तर घरांची अदलाबदल होते, संस्था अडवत नाही. अर्ज ती स्वतः आणून देईल. तेही पायरीपायरीनं वर आलं.

ज्यांची घरं वरच्या मजल्यांवर होती ते इकडेतिकडे पाहू लागले. ज्यांची तळमजल्यावर होती त्यांनी माना खाली घातल्या. कुणाची लहान मुलं होती, कुणाची परसदारात लावलेली द्राक्षवेल होती, कुणाचं दुकान. प्रत्येकाकडे कारण होतं, आणि प्रत्येक कारण खरं होतं.

निल्दा खालून सातव्या-आठव्या पायरीवर बसली होती. ती वाट पाहत होती, की कुणीतरी बोलेल. तिच्या लक्षात आलं, की आपण मनातल्या मनात नावं घेतोय: याचं घर, त्याचं घर, हिचं. एकच दार आपण दर वेळी ओलांडून पुढे जातोय.

"माझं तळमजल्यावर आहे," ती म्हणाली.

तिच्या वरच्या माणसानं वळून पाहिलं. मग तो त्याच्या वरच्याकडे वळला आणि तिचे शब्द पुढे दिले.